विश्लेषण : हेडलाइट उघडून मोटारचोरी कशी होते? दोन तारांच्या ‘कॅन बस’चे तंत्र काय?

लंडनमध्ये राहणारे वाहन सायबर सुरक्षा संशोधक इयान टेबर यांच्या टोयोटा आरएव्ही-४ मोटारीचा पुढचा बंपर एप्रिल २०२२ मध्ये कोणी तरी ओढून सैल केला. हेडलाइटच्या वायरिंगचा प्लगही काढलेला होता. टेबर यांना तेव्हा हा टवाळखोरांचा उपद्व्याप वाटला. जुलैमध्ये पुन्हा तोच प्रकार झाला आणि त्यानंतर लगेच मोटारच गायब झाली. चोरांना दिव्याची काच किंवा बल्ब नको होता. त्यांना हव्या होत्या दिव्यामागून जाणाऱ्या दोन तारा. या दोन तारांवर मोटारीतील सगळी उपकरणे एकमेकांशी काय आणि कशी बोलतात, हे कळले की चोरीचे कोडेही सुटते.

मोटारीत ‘बोलणारी’ उपकरणे कोणती?

आजच्या मोटारीत एक संगणक नसतो, अनेक छोटे संगणक असतात. इंजिनाचा एक, ब्रेकच्या एबीएसचा एक, एअरबॅगचा, दरवाजांचा, स्टीअरिंगचा, डॅशबोर्डचा, एसीचा असा प्रत्येकाचा वेगळा. यांना ईसीयू म्हणतात. गॅरेजमध्ये ‘ईसीएम गेला’ असे ऐकू येते, तो यांपैकी इंजिनाचा. या सगळ्यांना एकमेकांची माहिती लागते. चाक किती वेगाने फिरते हे एबीएसला तर हवेच, पण स्पीडोमीटरच्या काट्यालाही हवे, वेग वाढल्यावर दरवाजे आपोआप लॉक करणाऱ्या यंत्रणेलाही हवे आणि काही मोटारींत तर वेगानुसार गाण्याचा आवाज वाढवणाऱ्या म्युझिक सिस्टीमलाही हवे.

प्रत्येकाकडून प्रत्येकाकडे वेगळी तार न्यायची ठरवली, तर दहा उपकरणांच्या मिळून ४५ जोड्या होतात, वीस उपकरणांच्या १९०. तारांचा तो जुडगा जड, महाग आणि बिघाड शोधायला अशक्य. जर्मनीतील बॉश कंपनीने १९८३ मध्ये यावर काम सुरू केले आणि फेब्रुवारी १९८६ मध्ये अमेरिकेतील डेट्रॉइट येथे अभियंत्यांच्या परिषदेत ‘कंट्रोलर एरिया नेटवर्क’ अर्थात कॅन जगासमोर मांडले. पुढच्याच वर्षी इंटेलने त्यासाठीची चिप आणली. १९९२ पासून मर्सिडीजच्या वरच्या श्रेणीतील मोटारींत ते वापरात आले आणि १९९३ मध्ये ‘आयएसओ ११८९८’ या क्रमांकाने ते आंतरराष्ट्रीय मानक झाले. नावातील ‘बस’ म्हणजे सर्वांनी मिळून वापरायचा एकच मार्ग. सगळी उपकरणे त्याच दोन तारांना जोडायची.

पण तारा दोनच कशाला?

एका तारेने निरोप जातो, मग दुसरी कशासाठी, हा रास्त प्रश्न आहे. उत्तर मोटारीच्या बॉनेटखाली आहे. स्पार्क प्लगच्या ठिणग्या, अल्टरनेटर, पंख्याची मोटर, वायपर हे सगळे विजेचा गोंगाट करत असतात. त्या गोंगाटात एकट्या तारेवरचा व्होल्टेज वरखाली झाला, तर शून्याचा एक आणि एकाचा शून्य होऊ शकतो.

कॅनमध्ये एका तारेला ‘कॅन हाय’ आणि दुसरीला ‘कॅन लो’ म्हणतात. कोणी बोलत नसते तेव्हा दोन्ही तारा साधारण २.५ व्होल्टवर असतात. कोणाला ‘०’ पाठवायचा असला, की हाय तार ३.५ व्होल्टच्या आसपास चढते आणि लो तार १.५ पर्यंत उतरते. ऐकणारे उपकरण प्रत्येक तारेचा व्होल्टेज वेगळा पाहत नाही, दोन्हींतील फरक पाहते. फरक दोन व्होल्टच्या जवळ असेल तर ‘०’, फरक नसेल तर ‘१’. बाहेरून गोंगाट आला आणि दोन्ही तारा एकदमच अर्ध्या व्होल्टने वर गेल्या, तरी फरक तोच राहतो. म्हणून या तारा एकमेकींना पीळ देऊन नेतात, म्हणजे गोंगाट दोघींवर सारखाच आदळतो. तारांच्या दोन्ही टोकांना १२० ओमचा एकेक रोध बसवलेला असतो. तो नसेल तर संदेश टोकावर आपटून प्रतिध्वनीसारखा मागे येतो.

येथे एक गल्लत टाळायला हवी. हातातल्या स्मार्टफोनमध्येही चिपना जोडणारी दोन तारांची एक बस असते. फिलिप्सने १९८२ मध्ये आणलेली ती ‘आय-स्क्वेअर-सी’. पण तिच्यात एका तारेवर माहिती असते आणि दुसरीवर घड्याळाचे ठोके. सर्किट बोर्डावरच्या छोट्याशा अंतरासाठी ती पुरते. कॅनमध्ये घड्याळाची वेगळी तार नाही, दोन्ही तारांवर एकच गोष्ट उलटसुलट रूपात असते.

निरोप कोणाला, हे कसे ठरते?

ठरतच नाही! कॅनची सगळ्यात वेगळी गोष्ट हीच. संदेशावर पाठवणाऱ्याचे नाव नसते आणि घेणाऱ्याचेही नसते. असतो तो फक्त विषयाचा क्रमांक.

एसटी स्टँडवरची घोषणा आठवा. ‘पुण्याकडे जाणारी गाडी फलाट क्रमांक चारवर लागत आहे,’ हे सगळ्या स्टँडला ऐकू येते. ज्यांना पुण्याला जायचे असते ते पिशव्या उचलतात, कोल्हापूरवाले बसून राहतात. घोषणा कोणा एका प्रवाशाच्या नावाने होत नाही. आणि माइकवर नेमके कोण बसले आहे, हेही कोणी तपासत नाही. कॅन बस याच पद्धतीने चालते. ‘विषय क्रमांक अमुक, चाकाचा वेग इतका’ असा संदेश तारांवर पडतो आणि ज्या ईसीयूला तो हवा तो उचलतो. उद्या आणखी एक उपकरण बसवले, तर आधीच्या कोणालाही काही सांगावे लागत नाही. ते फक्त तारांना जोडायचे आणि ऐकायला लागायचे.

साध्या कॅनच्या एका संदेशात जास्तीत जास्त आठ बाइट माहिती मावते. व्हॉट्सॲपवरचा ‘शुभ सकाळ’ही त्यात बसणार नाही. पण ब्रेक दाबला की नाही, पाण्याचे तापमान किती, दार उघडे की बंद यासाठी आठ बाइट भरपूर झाले. सेकंदाला पाच लाख बिट हा मोटारींतील नेहमीचा वेग धरला, तर असा एक संदेश सेकंदाच्या सुमारे चार हजाराव्या भागात पोहोचतो.

दोघे एकदम बोलले तर?

स्टँडवर माइक एकच आणि बोलणारे अनेक, तर गोंधळ ठरलेला. कॅनमध्ये तो होत नाही आणि त्यासाठी कोणी सूत्रसंचालकही नेमलेला नाही. ही युक्ती संपूर्ण कॅनचा आत्मा आहे, त्यामुळे थोडे थांबून पाहण्यासारखी आहे.

तारांवर ‘०’ हा वरचढ आणि ‘१’ हा दुबळा असतो. एकाने ‘०’ आणि दुसऱ्याने ‘१’ एकाच क्षणी पाठवला, तर तारांवर ‘०’ दिसतो. ‘१’ पाठवणे म्हणजे तारांना हात न लावणे, ‘०’ पाठवणे म्हणजे त्या ओढणे. अर्थातच ओढणारा जिंकतो. प्रत्येक संदेशाच्या सुरुवातीला त्याचा ११ बिटचा विषय क्रमांक जातो आणि पाठवणारा प्रत्येक बिटला तारांवर खरोखर काय दिसते आहे हेही ऐकत असतो.

समजा, एका उपकरणाला क्रमांक १०० चा आणि दुसऱ्याला क्रमांक ५०० चा संदेश एकाच क्षणी पाठवायचा आहे. द्विमान पद्धतीत १०० म्हणजे ००००११००१०० आणि ५०० म्हणजे ००१११११०१००. पहिले दोन बिट दोघांचे सारखे, म्हणून दोघांनाही वाटते आपण एकटेच बोलत आहोत. तिसऱ्या बिटला ५०० वाला ‘१’ पाठवतो, पण त्याला तारांवर ‘०’ ऐकू येतो. त्याला कळते की आपल्यापेक्षा महत्त्वाचा कोणी तरी बोलतो आहे. तो तिथेच गप्प होतो आणि पुढच्या संधीची वाट पाहतो. १०० वाल्याला तर टक्कर झाल्याचे कळतही नाही. त्याचा एकही बिट वाया जात नाही, संदेश पहिल्यापासून पुन्हा पाठवावा लागत नाही. लहान क्रमांक, मोठा मान. म्हणून तातडीच्या संदेशांना अभियंते लहान क्रमांक देतात आणि एसीच्या पंख्यासारख्यांना मोठे.

संदेशाच्या शेवटी १५ बिटची पडताळणी असते. ऐकणाऱ्यांपैकी कोणालाही चूक आढळली, तरी तो तारांवर सलग सहा वरचढ बिट टाकून आरडाओरड करतो आणि तो संदेश सर्वांसाठीच रद्द होतो. पाठवणारा पुन्हा पाठवतो. पण एखादे उपकरणच बिघडून सतत चुकीचे बोलत राहिले तर? त्यासाठी प्रत्येकाकडे स्वतःच्या चुकांचा हिशेब असतो. पाठवताना चूक झाली की आठ गुण वाढतात, संदेश नीट गेला की एक कमी होतो. गुण २५५ च्या पुढे गेले की ते उपकरण स्वतःहून बसवरून बाजूला होते. म्हणजे सलग ३२ चुका झाल्या की गप्प. आपल्यामुळे इतरांची अडचण होते आहे हे ओळखून स्वतःच गप्प बसणारा सभासद माणसांच्या सभेत क्वचितच सापडेल.

मग चोरांना फट कुठे सापडली?

वरचे सगळे नियम बिघाडासाठी आहेत. सैल प्लग, विजेचा गोंगाट, खराब चिप यांचा विचार करून ते केले आहेत. मुद्दाम खोटे बोलणारा कोणी तारांपर्यंत पोहोचेल, असा विचार १९८०च्या दशकात करण्याचे कारण नव्हते. मोटार बंद डबा होती आणि आत बसलेले सगळे एकाच कंपनीने निवडलेले. त्यामुळे माइकवर कोण आहे हे विचारण्याची सोयच कॅनमध्ये ठेवली गेली नाही.

अमेरिकेतील वॉशिंग्टन विद्यापीठ आणि सॅन डिएगो येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१० मध्ये मोटारीच्या तपासणी सॉकेटला, म्हणजे ओबीडी पोर्टला लॅपटॉप जोडून ब्रेक निकामी करता येतात हे दाखवले. ‘पण त्यासाठी आधी मोटारीत शिरावे लागेल ना’ असा त्यावरचा आक्षेप होता. तो २०१५ मध्ये चार्ली मिलर आणि ख्रिस व्हॅलासेक यांनी मोडून काढला. त्यांनी मोबाइल नेटवर्कवरून एका जीप चेरोकीच्या म्युझिक सिस्टीममध्ये शिरकाव केला, तिथून कॅनवर संदेश टाकले आणि महामार्गावर चालत्या मोटारीचे ट्रान्समिशन निष्प्रभ केले. चालवणाऱ्या पत्रकाराला प्रयोगाची कल्पना होती. त्यानंतर कंपनीला १४ लाख वाहने दुरुस्तीसाठी परत बोलवावी लागली.

चोरांनी मात्र यापेक्षा सोपा रस्ता निवडला. टेबर यांच्या मोटारीने चोरीच्या वेळच्या बिघाडांची नोंद कंपनीच्या ॲपकडे पाठवलेली होती. त्यात दिव्यांचा संपर्क तुटल्याची नोंद होती आणि त्याच सुमारास पुढचा कॅमेरा, हायब्रिड इंजिनाचे नियंत्रण अशा एकमेकांशी संबंध नसलेल्या यंत्रणांच्याही तक्रारी होत्या. इतके सगळे एकदम बिघडणे शक्य नाही, म्हणजे कोणी तरी बसवरच हल्ला केला, हे त्यांनी ताडले. आडमार्गाने विकली जाणारी अशी उपकरणे शोधून त्यांनी एक विकतही घेतले. वरून ते साधा ब्लूटूथ स्पीकर होते. ‘कॅन’ तंत्रज्ञ केन टिंडेल यांच्या मदतीने ते उघडून अभ्यासले गेले आणि एप्रिल २०२३ मध्ये टिंडेल यांनी त्याची साद्यंत हकिकत प्रसिद्ध केली. पाच हजार युरोपर्यंत किमतीला विकल्या जाणाऱ्या या उपकरणात घातलेले जादाचे भाग जेमतेम १० डॉलरचे होते.

हेडलाइटच का?

आधुनिक हेडलाइट नुसता बल्ब नसतो. वळणावर प्रकाश फिरवणे, समोरून वाहन आले की झोत खाली करणे, एलईडी गेला की डॅशबोर्डला कळवणे अशी कामे तो करतो. म्हणून त्यालाही कॅनच्या तारा जातात. आणि मोटार न उघडता बाहेरून ज्या तारांपर्यंत हात पोहोचतो अशा जागा फार नाहीत. बंपर थोडा ओढला की हेडलाइटचा प्लग हाती लागतो.

चोराचे उपकरण तिथे जोडले की आधी झोपलेली बस जागी करते. मग ‘योग्य किल्ली जवळ आहे’ असा खोटा संदेश सेकंदाला सुमारे वीस वेळा टाकते. मोटारीत बस एकच नसते, दोन-तीन असतात आणि त्यांच्यामध्ये गेटवे नावाचा द्वारपाल असतो. त्याला हा संदेश खरा वाटतो आणि तो पुढे इंजिनाच्या बसकडे सोडतो. इंजिनाचा इमोबिलायझर उठतो. पाठोपाठ दार उघडण्याचा संदेश. मधल्या काळात उपकरणातील वेगळे सर्किट तारा अशा धरून ठेवते, की खऱ्या ईसीयूंना मध्ये बोलताच येत नाही.

किल्लीची या सगळ्यात गरजच पडत नाही. स्मार्ट किल्लीचे रेडिओ संकेत लांबवून होणाऱ्या चोऱ्यांवर उपाय म्हणून अनेक जण किल्ली धातूच्या डबीत ठेवतात. त्या चोरीवर तो उपाय चालतो, या चोरीवर नाही. टिंडेल यांनी हेही स्पष्ट केले आहे, की हा दोष एकाच कंपनीचा नाही. आतल्या संदेशांवर आंधळा विश्वास ठेवणाऱ्या कोणत्याही मोटारीला तो लागू आहे.

यावर उपाय काय?

तात्पुरता उपाय गेटवेच्या सॉफ्टवेअरमध्ये बदल करण्याचा. स्वतःचा संदेश नुकताच बिनचूक पाठवता आला असेल, तरच गेटवेने किल्लीचा संदेश पुढे सोडावा, अशी टिंडेल यांची सूचना आहे. बसवर दांडगाई चालू असेल तर ते शक्य होणार नाही आणि संशय येईल. अर्थात चोर त्यावरही तोड काढू शकतात.

पक्का उपाय म्हणजे प्रत्येक महत्त्वाच्या संदेशावर गुप्त किल्लीने काढलेली सांकेतिक मोहोर. ती जुळली नाही तर संदेश कचऱ्यात. अडचण अशी, की आठ बाइटांत माहिती आणि मोहोर दोन्ही बसवताना ओढाताण होते. २०१२ मध्ये आलेल्या ‘कॅन एफडी’त एका संदेशात ६४ बाइट मावतात, त्यामुळे नव्या मोटारींत हे सोपे झाले आहे. संयुक्त राष्ट्रांच्या ‘आर १५५’ या नियमानुसार युरोपीय संघात जुलै २०२४ पासून सर्व नव्या मोटारींना सायबर सुरक्षेची व्यवस्था दाखवावी लागते. त्याच धर्तीवर भारतासाठी ‘एआयएस १८९’ हे मानक तयार झाले आहे. ही मानके ठरवणाऱ्या समितीचे सचिवालय पुण्यातील ‘एआरएआय’ या संस्थेकडे आहे.

मात्र मोहोर आली की किल्लीही आली आणि ती कंपनीच्या हाती राहणार. आज अपघातात हेडलाइट फुटला तर कोपऱ्यावरचा गॅरेजवाला जुन्या बाजारातून दुसरा आणून बसवतो. उद्या त्या दिव्याची मोहोर मोटारीच्या इतर भागांशी जुळवावी लागली, तर ते काम कंपनीच्या सर्व्हिस सेंटरशिवाय होणार नाही आणि बिल त्यांच्या दराने येईल. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केले, त्यात मोटारींचाही समावेश आहे. चोराला बंद केलेले दार मेकॅनिकला उघडे कसे ठेवायचे, हा पेच पुढील काही वर्षे मोटारमालकांच्या खिशाशी थेट संबंधित राहील.

दुचाकीवाल्यांचा याच्याशी संबंध आहे?

इलेक्ट्रिक स्कूटर असेल तर नक्कीच. बॅटरीचे तापमान किती, आता किती करंट घ्यायचा, कधी थांबायचे हे बॅटरी चार्जरला सांगते, ते अनेकदा कॅनवरच. हलक्या विद्युत वाहनांच्या चार्जिंग जोडणीसाठी २०२३ मध्ये भारतीय मानक ब्युरोने मंजूर केलेल्या ‘आयएस १७०१७’ मालिकेतील मानकातही कॅनचाच वापर आहे. याच्या जोडीला ट्रक, ट्रॅक्टर आणि कारखान्यांतील यंत्रे आहेतच.

मोटार घेतलेल्यांनी काय पाहावे?

बाजारातून जादाचे दिवे, हॉर्न, रिमोट लॉक बसवताना वायरमन कुठली तार सोलतो याकडे लक्ष ठेवावे. वेगळा फ्यूज आणि रिले घालून बॅटरीवरून वीज घेतली तर हरकत नाही, पण पीळ दिलेल्या बारीक जोडीला हात लागता कामा नये. त्या तारा विजेसाठी नाहीत. तिथे दिलेला जोड सैल झाला, की एबीएस, एअरबॅग, पॉवर स्टीअरिंग असे सगळे दिवे डॅशबोर्डवर एकदम पेटतात आणि मग एकेक महागडा भाग बदलून पाहण्याचा खर्चिक खेळ सुरू होतो. ओबीडी पोर्टला लावायची स्वस्त ब्लूटूथ उपकरणे काम झाले की काढून ठेवलेली बरी. आणि बंपर किंवा हेडलाइट उचकटलेला दिसला, तर तो केवळ धक्का लागल्याचा प्रकार समजू नये.

सगळे दिवे एकदम पेटले, तर जाणकार इलेक्ट्रिशियन भाग बदलण्याआधी साधा मल्टिमीटर काढतो. मोटार बंद करून काही वेळ थांबायचे आणि ओबीडी पोर्टच्या ६ आणि १४ क्रमांकाच्या पिनांमधला रोध मोजायचा. दोन टोकांचे १२० ओम समांतर असल्याने आकडा ६० च्या आसपास यायला हवा. १२० आला तर कुठे तरी तार तुटली आहे किंवा एका टोकाचा रोध गेला आहे. शून्याजवळ आला तर दोन तारा एकमेकींना चिकटल्या आहेत. काही मोटारींत पोर्ट आणि आतील बस यांच्यामध्ये गेटवे असतो, तिथे हा आकडा वेगळा येऊ शकतो. अशा वेळी त्या मॉडेलचा वायरिंगचा नकाशा पाहूनच आतल्या बसवर मोजणी करावी लागते.